संध्याकाकूंची सही

"समज, मी ऑफिसर," संध्याकाकू म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा पिझ्झाचा खोका बाजूला सारला. "विचारू ना प्रश्न?"

समोर अबोली बसली होती, शेजारी काकूंचा शार्दूल. मधे कागद. अबोलीच्या व्हिसाची मुदत शुक्रवारी संपत होती. त्याआधी शार्दूलची बायको म्हणून तिचा अर्ज पोचायला हवा, म्हणजे उद्या सकाळी कुरिअरने निघायलाच हवा. नाहीतर बॅग भरा आणि चला नागपूरला. शार्दूल इथलाच, अमेरिकेत जन्मलेला. पण ते राहत त्या नोव्हाय गावाच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांनी त्या वर्षी माणसं काढायचा सपाटाच लावला होता आणि त्यात त्याचीही नोकरी गेली होती. त्यामुळे सुनेचा भार उचलायची हमी काकूंनी द्यायची होती. बाकी सगळं भरून तयार होतं. फक्त त्यांची सही राहिली होती, आणि ती काही होत नव्हती.

काकूंच्या मनात पाल चुकचुकत होती. कोर्टात जाऊन, जीन्स घालून उरकलेलं ते लग्न. ना अक्षता, ना मंगलाष्टकं. याला काय लग्न म्हणायचं? पुण्याला रीतसर लग्न लागेपर्यंत मुलीने वरच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपायचं आणि मला आई म्हणायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुलगी नुसतं "बरं, काकू" म्हणाली. हूं नाही की चूं नाही. आजकालची मुलगी इतकं ऐकते? छे! ग्रीन कार्डासाठी माणसं काय वाट्टेल ते करतात.

पुढे मुलाखतीत दोघांना वेगवेगळं बसवून एकमेकांबद्दल विचारतात, असं वकिलाने सांगितलं होतं. ऑफिसर पकडेल तेव्हा पकडेल, आपण आजच पकडू, असं काकूंनी ठरवलं.

"पोह्यातलं काय काढून ठेवतो हा?"

"कांदा. दाणे चालतात."

"गुडघ्यावरची खूण?"

"चौथीत सायकलवरून पडला होता. तुम्ही कामावर होतात. शेजारच्यांनी टाके घालून आणलं."

पाठांतर चोख आहे, काकू मनात म्हणाल्या. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "ताप आला की कुणाला हाक मारतो?"

"कुणालाच नाही. दार लावून पडून राहतो. आणि मग म्हणतो, कुणी विचारायलासुद्धा आलं नाही."

काकूंच्या काळजात चर्र झालं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई, कम ऑन यार," शार्दूल म्हणाला. "शी पास्ड. आता साइन कर ना."

"थांब रे. तुलाही विचारणार आहेत. सकाळी उठल्यावर ही काय पिते?"

"कॉफी."

"चहा!" काकूंच्या तोंडून निघूनच गेलं. "आलं घालून, बिनसाखरेचा. कॉफी ती तुझ्यासाठी करते. बरं, आज ही जेवली का नाही?"

शार्दूलने पिझ्झाच्या खोक्याकडे बघितलं. "डाएट?"

"संकष्टी आहे आज! चंद्र उगवायची वाट बघतेय पोरगी, आणि तू तिच्यासमोर चीज ओढत बसलायस."

"मला काय माहीत? मला कोण सांगणार?"

"तिचे वडील काय करतात?"

"बँक... समथिंग."

"पोस्टात होते. दिवाळीनंतर बायपास झालं त्यांचं. अजून जिना चढवत नाही त्यांना."

"बायपास?" शार्दूल अबोलीकडे वळला. "यू नेव्हर टोल्ड मी."

"सांगितलं होतं," अबोली म्हणाली. "दोनदा."

मग अबोलीने मान वर केली. "पण काकू, तुम्हाला कसं कळलं?"

काकू कागदांच्या कडा जुळवत बसल्या. सकाळी ही फोनकार्ड घासून नागपूरला फोन लावते, तेव्हा आपण जिन्यात अनवाणी उभ्या असतो, श्वास रोखून. डब्यातली साखर का संपत नाही, हे आपण तिच्या चहात चमचा बुडवून, चाखून बघितलंय. परवा तर पाहुण्यांच्या खोलीतल्या उशा उचलून पाहिल्या. शोभतं का हे या वयात?

"कसं म्हणजे? पाळत ठेवली होती तुझ्यावर," त्या फटकन म्हणाल्या. "कार्डासाठी आलीस असं वाटत होतं मला."

अबोली रागावली नाही. "माहितेय मला," एवढंच म्हणाली. "तिसरी पायरी करकरते, काकू."

काकूंचे कान लाल झाले. त्यांनी कागद पुढे ओढले, पेनाचं टोपण काढलं. शार्दूलने "फायनली!" म्हणत खोक्यातला उरलेला तुकडा उचलला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिल्या. कोंड्याचा मांडा करून वाढवला होता त्यांनी त्याला, आणि गेले कित्येक दिवस त्या डोळ्यात तेल घालून भलत्याच माणसावर नजर ठेवून बसल्या होत्या.

पेन तसंच हातात राहिलं.

"सही मी करतेय गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझी काही ना नाही. पण उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, म्हणून विचारते. खरं सांग मला. तुला नक्की हाच हवाय ना?"

शार्दूल मोठ्याने हसला. "आई! व्हॉट काइंड ऑफ क्वेश्चन इज दॅट?"

अबोली हसली नाही. ती उठली, मागच्या खिडकीपाशी गेली आणि चंद्र उगवलाय का ते बघत उभी राहिली.