लॅबबाहेरच्या चपला

क्षितिजाला बीएमएस करून पुढे कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर व्हायचं होतं, म्हणून तिचे बाबा, मनोहर तावडे, आठवडाभर तिला घेऊन वसई-विरारमधली कॉलेजं पालथी घालत होते. शिकवतं कोण, शिकवतात काय, असल्या भानगडीत ते पडलेच नाहीत. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून लॅबमध्ये चपला बाहेर काढूनच जायचं, असा तेव्हा सगळीकडे दंडक होता. तावड्यांनी त्यातूनच आपली कसोटी काढली होती: जिथे लॅबच्या दाराशी चपला जास्त, ते कॉलेज चांगलं.

नायगावला एकच जोड दिसला, तोही शिपायाचा. तावडे जिन्यावरूनच माघारी फिरले. माणिकपूरला मात्र दाराशी चपलांचा हा ढीग!

"बघ, किती मुलं शिकतायत!" तावडे हरखले.

"पण बाबा, यात स्पोर्ट्स शूजचा एकही जोड नाही," क्षितिजा म्हणाली.

"शिकायला आलीयेत गं ती, खेळायला नाही!" असं म्हणून त्यांनी खाली जाऊन फी भरूनच टाकली. मग वर येऊन ऐटीत आपल्याही चपला त्या ढिगात काढल्या आणि लॅबचं दार ढकललं.

आत एसीच्या गारव्यात, कव्हरं घातलेल्या कॉम्प्युटरांसमोर, हातात फीच्या पावत्या घेऊन सगळे बापच बसले होते. एकाने सरकून तावड्यांना जागा करून दिली.

 

तेवढ्यात दाराबाहेरून कुणाचा तरी हरखलेला आवाज आला, "बघ जोएल, किती मुलं शिकतायत!"