यंत्राचा शब्द

धाकटीला जुळी झाली, त्याच वर्षीची गोष्ट. थोरली शहरात उपग्रहाची चित्रं दाखवून, कुठे किती पाऊस पडतोय हे संगणकाला ओळखायला शिकवत होती. वडिलांना त्याचं कोण कौतुक! एका दुपारी आईचा फोन आला.

"अगं, ओढ्याचं पाणी पायरीला लागलंय. सगळे टेकडीवर गेले. हे मात्र ढिम्म. म्हणतात, लेकीच्या यंत्राला विचार, मगच हलतो."

थोरलीने पडद्यावर पाहिलं. यंत्र त्यांच्या घरावर रिमझिम दाखवत होतं. डोंगराला टेकलेले, बुटके असूनही मुसळधार कोसळणारे ढग त्याला अजून उमगत नव्हते.

"बाबांना फोन दे."

"काय म्हणतंय गं यंत्र?"

"धो धो पाऊस म्हणतंय, बाबा. आत्ताच्या आत्ता निघा."

"असं होय!" वडील उठले आणि आईवरच खेकसले, "चल की! बघत काय बसलीस?"

संध्याकाळी घराच्या जागी ओढा वाहत होता.

पुढे वडील भेटेल त्याला सांगत, डोळे फसतील, पण लेकीचं यंत्र फसायचं नाही. थोरलीने यंत्र दुरुस्त केलं, वडिलांचा समज तेवढा तसाच ठेवला. वडील गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच.