पडद्यावरचा गुंता

सिनेमात नायिकेच्या नवऱ्याची मैत्रीण, त्या मैत्रिणीचा पहिला नवरा आणि त्याची होणारी बायको असे सगळे एकाच बंगल्यात राहत होते. नटमंडळी झकास होती, म्हणून मी शेवटपर्यंत बसले.

शेजारी कपड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन दोघी बसल्या होत्या. दिवे लागताच एक म्हणाली, "मनीषा, इतका गुंता कुणाच्या घरात असतो का गं?"

"बहिणी का तुम्ही?" मी विचारलं.

"नाय हो. ही माझी नणंद, अन् भावजयपण. साटंलोटं आमचं. मी हिच्या भावाला दिलेली, ही माझ्या भावाला."

"आणि सिनेमाला दोघीच?"

"सकाळी नवऱ्याशी भांडून मी पेठहून माहेरी पिंपळगावला निघाले. फोनवर कळताच माझ्या भावाने हिलाही हिच्या माहेरी पेठला धाडलं. एक परत आली की दुसरीलाही पाठवायचं, रीतच हाय आमच्यात. नाशिकच्या स्टँडवर गाठ पडली."

"अगं बाई! मग भांडणाचं काय?"

"ते आम्ही दोघींनी इंटरव्हललाच मिटवलं, आपापल्या घरी परत जायचं ठरलंय," मनीषा हसली. "पण नवऱ्यांना एवढ्यात नाय कळवणार. सहाला शेजारच्या पडद्यावर दुसरा सिनेमा लागतोय."