बंद कार्ड

तिने कार्ड दारावरच्या यंत्राला टेकवलं आणि दिवा लाल झाला.

"उलटं धरलं असशील," मागची बाई तिला म्हणाली. तिने कार्ड ओढणीला पुसलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. समोरचा आडवा दांडा जागचा हलेना. पहिल्या पाळीची वेळ, मागे रांग वाढत चाललेली.

"वहिनी, जरा बाजूला या," दारावरचे मामा म्हणाले. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्यांनी तिचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, आणि मग नुसतेच पडद्याकडे पाहत राहिले.

"ह्यांनाच बोलवा ना," ती हसत म्हणाली. "घरात कार्डवाला असून माझ्याच कार्डाची ही गत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

कार्डवाला काचेपलीकडे उभा होता. कारखान्यातली सगळी कार्डं तिचा नवराच बनवायचा; कुणाला कुठलं दार उघडावं, कुणाला उघडू नये, ते मशीनमध्ये तोच भरायचा. दोघं एकाच बसने आली होती. तो नेहमीसारखा दोन ढांगांत पुढे गेला होता. पण आज आपल्या कार्डांच्या खोलीकडे न वळता तिथेच थांबला होता.

तिने हात हलवला. तो आला नाही. लाल दिवा लागला तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाने मान वर करून पाहिलं होतं. तो मात्र आपल्या बुटांकडे पाहत होता.

तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"मामा, कार्ड बिघडलेलं नाही ना?"

"नाही, वहिनी." मामांनी आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी बंद झालंय. तुमच्या तपासणी विभागातल्या सगळ्यांचंच; या पाळीला त्यातल्या तुम्ही एकट्याच. औषधाच्या बाटल्या आता मशीनच बघणार म्हणे."

शेवटी तो बाहेर आला. मामा उगाच रांगेकडे वळले.

"वरून ताकीद होती," तो म्हणाला. "सकाळपर्यंत बोलायचं नाही. तरी सांगणार होतो मी तुला. रात्री कितीदा तोंड उघडलं, शब्दच फुटेना."

"रात्री मी तुमच्या कपाळाला बाम चोळत बसले होते."

तो पुन्हा बुटांकडे पाहू लागला.

"मला वाटलं, कामाचा ताण असेल. म्हटलं, बिचारे बोलत नाहीत, पण दमतात." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "सकाळी मी ह्या गणवेशाला इस्त्री करत होते, तर समोर चहा पीत बसला होतात. काय म्हणालात आठवतंय? कॉलर नीट कर म्हणालात."

"बंद केलं नसतं तर माझीही नोकरी गेली असती गं."

"ते कळतं मला. बंद करायलाच हवं होतं. दोघांनी घरी बसून कसं चालेल?" तिने कॉलरवरून हात फिरवला, उगाच. "पण मला इथवर आणायला नको होतं. रांगेत उभं करायला नको होतं."

आत भोंगा वाजला. तो तिच्या हाताकडे हात नेऊ लागला. तिने हात ओढणीत घेतला.

"जा. खाडा लागेल."

त्याने कार्ड टेकवलं. दांडा फिरला, तो आत गेला. बाकीची रांगही हळूहळू आत गेली, मागच्या बाईने जाता जाता तिच्या खांद्याला हात लावला. दारापाशी तीच एकटी उरली.

"मामा, आत कपाटात माझा स्वेटर राहिलाय. आणि चपला. घेऊन येऊ?"

मामांना अवघडल्यासारखं झालं. "पाहुण्यांचा पास करावा लागेल, वहिनी. काय करणार, नियम आहे."

"करा ना."

मामांनी पासावर तिचं नाव लिहिलं. ते काही विचारावं लागलं नाही. पुढचा प्रश्न मात्र रोजच्या सवयीने त्यांच्या तोंडून निसटला.

"कुणाला भेटायचंय?"

काचेपलीकडे तो अजून उभाच होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली, एखाद्याला ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "सामान घेऊन निघायचंय."