टोपलीतलं पुस्तक

वाचनालय तिसऱ्या मजल्यावर आणि बुसैना चाकांच्या खुर्चीत. म्हणून रशीद शहरातल्या त्या गल्लीतल्या बायका जशी दोरीला टोपली बांधून भाजी वर ओढून घेतात, तशीच टोपली वाचनालय सांभाळणारी रौहियाखाला खिडकीतून खाली सोडायची. पुस्तक अर्थात खालाच निवडायची, आणि बुसैनासाठी दर वेळी जिद्दीचंच.

या खेपेला खजुरीच्या झाडाची गोष्ट होती. सगळ्यांपासून दूर, वाळूत एकटंच उभं असलेलं झाड निव्वळ जिद्दीवर घोसांनी लगडतं. बुसैनाने ती वाचली आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीखालून हाक मारली.

"खाला, हे लिहिणाऱ्यानं खजूर फक्त बशीत बघितलाय! नर झाडाचा मोहोर घेऊन कुणी वर चढल्याशिवाय खजूर धरतो का कधी? तुझे बाबा जन्मभर चढले, त्यांना विचार!"

खालाने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज थेट खाली आला. "अगं बाई, खरंच की! थांब, दुसरं सोडते."

"नको. झाड चालत येत नाही, खाला. कुणाला तरी झाडापाशी जावं लागतं."

खिडकी धाडकन बंद झाली. बुसैनाला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

तेवढ्यात जिन्यातून धापा ऐकू आल्या. छातीशी पुस्तकांचा ढीग धरून खाला दारात उभी, घामाघूम. "घे, आता तूच निवड."

बुसैनाने सगळा ढीग उपसला आणि भुताचं पुस्तक उचललं.

"आणि जिद्दीचं एखादं?"

"ते तूच ठेव, खाला. तुला परत वर चढायचंय."