उपासाच्या आदल्या दिशी

छप्पन साली मी बल्लारपूरच्या खाणीवरल्या गोऱ्या मड्डमबाईकडं इंग्रजी शिकाले जात होती. इंग्रजी आली का बाई मले संगं नागपूरले नेऊन नर्सच्या शाळेत घालनार होती. तसं तिनं कबूलच केलं होतं.

त्या दिशी म्हणे, "अन्नू, उद्यापासून आमचा लंबा उपास. आज घरातले अंडे, लोणी, मैदा, सारं खपवाचं. हाच आमचा सण आन् हाच तुहा धडा."

मी 'एग' म्हणत अंडं फोडलं, 'बटर' म्हणत लोणी टाकलं, 'टॉस' म्हणत धिरडं उडवलं. एक तं इतकं उंच गेलं का सागावरल्या वांदरानं झेललं, आन् वरून 'थँक्यू' म्हनलं! दिवसभर मी चुलीपुढंच. संध्याकाळी साहेबलोक आले, पोटभर खाल्लं, आन् मड्डमबाईच्या गळ्यात पडून रडाले लागले. मले वाटलं, उपासाच्या धाकानं रडू रायले बिचारे.

दुसऱ्या दिशी पाटी घेऊन गेली तं बंगल्याले कुलूप. ओट्यावर चौकीदार वारलूभाऊ बसला होता.

"मड्डमबाई कुठी गेली, भाऊ?"

"विलायतेले. कायमची. तिकीट तं महिन्याआधीच काढलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

वारलूभाऊनं मान खाली घातली. "आमाले ताकीद होती, पोरी. म्हणे, तिले आज कळलं तं धिरडे कोन टाकीन?"