उसनी वाक्यं

"डॉक्टर का व्हायचंय?" मुलाखतीच्या यंत्रानं विचारलं.

यामिनी कोहळे ताठ बसली. "मला गोरगरिबांची सेवा करायची आहे."

समोरचा दिवा लाल झाला. "हे वाक्य तुमचं नाही."

काचेपलीकडे भालेराव बाई उभ्या होत्या. बारावीच्या मुलांची प्रवेशासाठी तयारी त्याच करून घेत. यंदापासून विद्यापीठानं हे यंत्र आणलं होतं. वाक्य बोलणाऱ्याच्या मनात उगवलंय की कुणी पढवलंय, हे त्याला कळे. तीन उसनी वाक्यं झाली की मुलाखत संपे.

"माझे आजोबा उपचारांअभावी गेले," यामिनी म्हणाली. "तेव्हाच मी निश्चय केला."

पुन्हा लाल. आजोबा खरंच गेले होते, पण वाक्य बाईंनी रचलेलं होतं.

यामिनीनं काचेकडे पाहिलं. बाईंना आत बोलायची मुभा नव्हती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबांना काय झालं होतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. आईनं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सांगून कळणार नाही. मला ते कळायला हवंय. आणि आईला समजेल असं सांगताही यायला हवंय."

दिवा हिरवा झाला. बाईंनी रोखलेला श्वास सोडला.

"पुढचा प्रश्न," यंत्र म्हणालं. "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

याचंही उत्तर बाईंनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. आता ती ते विसरलेली असू दे, एवढंच मागत त्या काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.